एकतिसावी स्लाइड

शाकीर : गेले बघा मॅडम, सगळे डबे गेले. आता अक्षरं दिसायलीत. तुमचा फॉन्ट जुना होता, आमच्या कॉम्प्युटरची त्याच्याशी ओळखच नाही. म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी डबा काढत होता बिचारा.

दुर्गा : हुश्श! जीव टांगणीला लागला होता माझा. तीन वाजता शिक्षणाधिकाऱ्यांपुढे सुनावणी, आणि पडद्यावर नुसते चौकोन! द्या पेनड्राइव्ह, निघतो आम्ही.

शाकीर : थांबा की. आत्ता तर साडेअकरा वाजलेत. एकदा पहिल्यापासून फिरवून बघू. कुठं एखादा डबा राहिला असला तर साहेबापुढं पंचाईत नको. किती स्लाइड आहेत ह्या?

दुर्गा : त्रेचाळीस.

शाकीर : आणि बोलायला वेळ?

दुर्गा : प्रत्येक शाळेला पाच मिनिटं.

शाकीर : पाच मिनिटांत त्रेचाळीस. म्हणजे सात सेकंदाला एक. मॅडम, सात सेकंदात माणसाची एक शिंक होते.

केराबाई : हिशेब मागनं करा. आदी चालू तर करा. मी बी बगितलं न्हाई अजून. समितीची अध्यक्ष म्हणून सह्या तेवढ्या घेत्यात माझ्या.

दुर्गा : या ना केराबाई, खुर्ची पुढे घ्या. शाकीरभाई, या आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष. जेऊरहून सकाळच्या गाडीनं सोलापूरला आलोय आम्ही दोघी.

शाकीर : बसा मावशी. पंखा तुमच्याकडं करतो. हां, चालू. एक नंबर, सरस्वती. दोन नंबर, सुस्वागतम्. हे काय होतंय मॅडम?

दुर्गा : अक्षरं येतायत. एकेक करून.

शाकीर : कुठनं येतायत, पुण्याहून?

दुर्गा : चेष्टा नको. गोल फिरत येतात आणि जागेवर बसतात. शिकून घेतलंय मी ते मुद्दाम.

केराबाई : लई भारी हाय की! जत्रंतल्या पाळण्यावानी. ह्ये ऱ्हाऊ द्या हां बाई.

शाकीर : अकरा सेकंद गेले मावशी, अजून शेवटचा 'म्' यायचाय. आला. टाळ्या! आता तीन नंबर. मान्यवर परिचय. चार, मान्यवर परिचय. पाच, सहा, सात, मान्यवरच. मॅडम, हे साहेब लोक समोर खुर्चीवर बसणार ना?

दुर्गा : हो.

शाकीर : मग त्यांना त्यांचाच परिचय कशाला करून देता? त्यांना माहीत आहे ते कोण आहेत.

दुर्गा : असं कसं! पद्धत असते ती. आधी सरस्वती, मग स्वागत, मग मान्यवर, मग प्रास्ताविक. आमच्या शाळेत साधा हात धुवा दिन असला तरी हा क्रम चुकत नाही. आणि तुम्ही बोलू नका. तुमच्या दुकानातल्या एकेका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साठ-साठ फोटो असतात. खाली 'शुभेच्छुक' म्हणून अख्खी गल्ली.

शाकीर : असतात, कबूल. पण तो फ्लेक्स पंधरा दिवस चौकात उभा राहतो. लोक सिग्नलला थांबतात आणि आपला फोटो शोधतात. तुमच्या साहेबाला सिग्नल कुठंय? तो तर हिरव्यातच आहे, निघाला भरधाव.

केराबाई : ह्ये मातर खरं हाय. मागच्या बारीला सायेब आलं हुतं. चा पिऊन हुईस्तवर गाडीत बसलं बी.

शाकीर : वीस वर्षं झाली मॅडम लग्नपत्रिका छापतोय. छापखान्यात अब्बांच्या हाताखाली खिळे जुळवत होतो तेव्हापासून. लोक पत्रिकेत तीनच गोष्टी बघतात. तारीख किती, जेवण कुठं, आणि आपलं नाव छापलंय का. बाकी श्लोक, गणपती, आमंत्रणाची कविता, कुणी वाचत नाही. तुमच्या साहेबाला कोणत्या तीन गोष्टी बघायच्यात?

दुर्गा : शाळेची एकूण कामगिरी...

शाकीर : ते पुढं बघू. आठ नंबर, शाळेचा इतिहास. हे फारच बारीक झालं. मावशी, दिसतंय का?

केराबाई : मुंग्या दिसत्यात.

दुर्गा : केराबाई, तुम्हीसुद्धा!

केराबाई : मला वाचाया येत न्हाई बाई, तवा मला सगळंच मुंग्या. पर आदीच्या मुंग्या जरा मोट्या हुत्या.

शाकीर : नऊ नंबर, नकाशा. दहा, ध्येय. अकरा, वृक्षारोपण. अरे वा, हेच झाड चौदा नंबरला पण आहे.

दुर्गा : ते दुसऱ्या वर्षीचं वृक्षारोपण.

शाकीर : खड्डा तोच दिसतोय.

दुर्गा : खड्डा तोच आहे. पहिलं झाड शेळीनं खाल्लं.

केराबाई : माझ्या शेळीनं न्हाई. उगा माझ्याकडं बगू नगा.

शाकीर : बारा नंबर. 'उपस्थिती शंभर टक्के, मध्येच शाळा सोडणारे विद्यार्थी शून्य.' ही बरी आहे. अक्षर मोठं, दोन ओळी.

केराबाई : काय म्हणलं? कुणी शाळा सोडली न्हाई?

दुर्गा : आपल्या शाळेतून एकानंही नाही केराबाई. चौथीपर्यंत सगळे टिकले.

केराबाई : आन् आमची नात, इंद्रायणी?

दुर्गा : इंद्रायणी चौथी पास झाली. पुढची शाळा पलीकडच्या गावात. ती पाचवीत गेली आणि तिथून... म्हणजे ती आपल्या शाळेच्या आकड्यात येत नाही.

केराबाई : मग कुनाच्या आकड्यात येती?

दुर्गा : त्या शाळेच्या.

केराबाई : तितं तर ती आटच दिस ग्येली. आता घरी शेरडं राखती. बरं. ऱ्हाऊ द्या. फुडं चालवा भाऊ.

शाकीर : थांबतो मावशी इथंच. एक विचारतो तुम्हाला. आत्तापर्यंत बारा-चौदा स्लाइड झाल्या. तुम्हाला काय कळलं?

केराबाई : बाईंनी लई काम केलं. त्ये खरंच हाय, खोटं न्हाई त्यात.

शाकीर : आणि शाळा बंद का करू नये, ते?

केराबाई : त्ये कुटं आलं अजून? यील की मागनं. येतंय न्हवं बाई?

दुर्गा : येतं. म्हणजे, पुढे आहे.

शाकीर : कुठं पुढं? मॅडम, मला आधी नीट सांगा. ही शाळा बंद का करायला निघालेत? मी बाहेरचा माणूस, मला काही माहीत नाही. साहेबाला सांगता तसं नको, मला सांगा.

दुर्गा : आमची वस्ती उजनीच्या पाण्याच्या काठाला आहे. वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा. मी एकटीच शिक्षिका, आणि मुलं अकरा. पलीकडच्या गावात मोठी शाळा आहे, दीडशे मुलांची. नकाशावर आमच्या शाळेपासून त्या शाळेपर्यंत पट्टी ठेवली तर अंतर भरतं आठशे मीटर. म्हणून प्रस्ताव असा की आमची शाळा बंद करायची आणि अकरा मुलं तिकडे न्यायची.

शाकीर : आठशे मीटर. म्हणजे इथून सात रस्ता चौक. मग काय बिघडलं? चालत जातील पोरं.

केराबाई : आट्टशे मीटर पाणी हाय त्ये!

शाकीर : काय?

केराबाई : पाणी! धरणाचं. पल्ल्याड जायाचं तर होडी, न्हाई तर फिरून नऊ किलोमीटर. उनाळ्यात पाणी उतरतंय, मग चालत जाता येतंय.

शाकीर : मग उन्हाळ्यात...

केराबाई : उनाळ्यात शाळंला सुट्टी असती की वो!

शाकीर : या अल्ला. मॅडम, हे त्रेचाळीसमध्ये कुठं आहे?

दुर्गा : आहे. तुम्ही पुढे घ्या.

शाकीर : पंधरा, स्वच्छता. वीस, परसबाग. चोवीस, हात धुवा दिन. हे सगळे साबण लावून उभे आहेत. अठ्ठावीस, पालक मेळावा. मावशी, ह्या तुम्ही ना?

केराबाई : व्हय. नवं लुगडं हाय त्ये. बाईंनी फोटु काढायचाय म्हणून सांगितलं हुतं.

शाकीर : तीस, स्पर्धा परीक्षा. एकतीस. 'इतर बाबी'. सहा मुद्दे आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा फोटो. हे काय आहे?

दुर्गा : होडी. मोठ्या वर्गातली मुलं पलीकडे जातात ती. केराबाईंचा मुलगा, बिरप्पा, तो चालवतो.

शाकीर : मॅडम.

दुर्गा : हं.

शाकीर : तुमची अख्खी केस ह्या कोपऱ्यात बसलीय. वर काय लिहिलंय, 'इतर बाबी'! मुद्दा क्रमांक चार, 'भौगोलिक अडचण'. ह्याच्यावर आधी खिडकी दुरुस्ती, ह्याच्यानंतर खेळाचं साहित्य.

दुर्गा : अडचणी जास्त दाखवू नयेत म्हणतात. उपलब्धी दाखवाव्यात. प्रशिक्षणात सांगितलं होतं.

शाकीर : खड्डा दाखवला दोनदा, आणि पाणी दाखवायला लाजलात. हा फोटो मी पडदाभर करतो. पण हा मोठा केला की फाटेल. मूळ फोटो आहे का पेनड्राइव्हवर?

दुर्गा : असेल. 'होडी' म्हणून बघा.

शाकीर : होडी, होडी... हे नाही, हे पण नाही... हे काय? 'विनंती अर्ज. मा. महोदय, आमची शाळा बंद झाल्यास मला सोलापूर शहरालगतच्या शाळेत—'

दुर्गा : ती नाही शाकीरभाई! ती फाईल बंद करा.

शाकीर : सॉरी मॅडम. सॉरी. धंदाच असा आमचा, दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. प्रूफ तपासायची सवय.

दुर्गा : केराबाई, मी तुम्हाला सांगणार होते.

केराबाई : काय सांगणार हुता? मला म्हाईत हाय की.

दुर्गा : माहीत आहे? कधीपासून?

केराबाई : दसऱ्यापासनं. तुमी अर्ज लिवून टेबलावर ठिवला हुता. आमच्या नातवानं, सिदूनं वाचला. घरी यिऊन सगळा म्हणून दावला, माननीय म्होदयापासनं. दुसरीतलं पोरगं, जोडाक्षरं घडाघडा वाचतंय. तुमीच शिकिवलं न्हवं? मग आता वाचणारच की त्यो.

शाकीर : वा मॅडम. ही उपलब्धी मात्र एकाही स्लाइडवर नाही तुमच्या.

दुर्गा : आणि तीन महिने तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत मला?

केराबाई : काय बोलायचं? तुमचं लेकरू हितं सोलापुरात, सासूबाईकडं. तुमी सा दिस आमच्या वस्तीवर. मला बी पोरं झाल्यात बाई. अर्जात वाईट काय हाय? आज मी संगं आले त्ये मातर... खरं सांगू का?

दुर्गा : सांगा.

केराबाई : तुमी तितं काय बोलताय त्ये ऐकाया आले.

दुर्गा : म्हणजे माझ्यावर भरवसा नाही तुमचा.

केराबाई : हाय की. म्हणून नुसतं ऐकाया आले. भरवसा नसता तर बोलाया आले असते.

शाकीर : चहा सांगतो मी. तिघांना.

दुर्गा : नको शाकीरभाई, बसा तुम्ही. तुम्हीही ऐका, त्यानिमित्तानं मीही ऐकते. आठवडाभर खपून हे केलंय मी. यातली एकही स्लाइड खोटी नाही. पण होडी एकतीस नंबरला का गेली, हे आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा... मला ठाऊक होतं की पाच मिनिटांत एकतीसपर्यंत कुणी पोचत नाही. शाळा बंद झाली की मी जादा शिक्षिका ठरते आणि मला इकडे जागा मागता येते. अद्वैत तिसरीत आहे. रोज संध्याकाळी फोनवर पाढे म्हणून दाखवतो मला. मी रविवारची आई झालेय. शाळा वाचावी असं मला वाटतं, खरंच वाटतं. आणि वाचेल म्हणून भीतीही वाटत होती. झालं, बोलले.

शाकीर : मॅडम, एखादी गोष्ट अशी लपवायची की कुणी लपवली म्हणणार नाही, ह्याला पण कला लागते. पाच-पाच मान्यवरांच्या मागं लपवली होती तुम्ही.

दुर्गा : आता मला हसवू नका.

शाकीर : हसवत नाही. आमच्याकडं पण असंच असतं. ज्या पाहुण्याला बोलवायचं नसतं त्याची पत्रिका लोक बरोबर शेवटच्या दिवशी पोस्टात टाकतात.

केराबाई : बाई, हिकडं बगा. डोळं पुसा आदी. त्यो अर्ज फाडा असं मी म्हणत न्हाई. बदली घ्या. आमी हार घालू, होडीतनं पल्ल्याड सोडू तुमास्नी. दुसऱ्या बाई येतील, त्यास्नी बी शिकवू काय शिकवायचं त्ये. पर शाळा बंद करून नगा जाऊ. सिदूला त्या होडीत मी न्हाई बसवायची. इंद्रायणीच्या येळंला बसीवलं. आटव्या दिवशी वारं सुटलं, निम्मी होडी पाण्यानं भरली. बिरप्पानं कशीबशी कडंला आणली. त्या दिवसापासनं तिच्या आईनं तिला होडीत पाय ठिवू दिला न्हाई. पोरगी रोज इचारायची, आजी, उद्या वारं हाय का? आता इचारत बी न्हाई.

दुर्गा : हे तुम्ही मला एवढं कधी सांगितलं नव्हतं.

केराबाई : तुमी इचारलं कुटं? तुमी टक्के इचारत हुता.

शाकीर : किती वाजले? बारा दहा. मॅडम, त्रेचाळीसमधल्या किती ठेवायच्या?

दुर्गा : तुम्ही सांगा.

शाकीर : मी नाही. मी छापणारा. मजकूर गिऱ्हाईकानं सांगायचा.

दुर्गा : नकाशा. तो नऊ नंबरचा, पट्टीच्या रेघेसकट. त्यांचाच आहे तो, त्यांच्याच प्रस्तावातला.

शाकीर : एक. तो मोठा करतो. दोन टिंबं, मधे रेघ, वर '८०० मीटर'. बाकी सगळं पुसतो. दुसरी?

दुर्गा : होडीचा फोटो. पडदाभर. त्यावर काही लिहू नका.

शाकीर : शाब्बास! एकही अक्षर नाही?

दुर्गा : खाली तारीख टाका. सोमवारची आहे. नाहीतर म्हणतील पावसाळ्यातला जुना फोटो आणलाय.

शाकीर : बघा, आता डोकं चालायला लागलं. तिसरी?

दुर्गा : अकरा मुलांची नावं. 'पट अकरा' असं नको. नावं, एकाखाली एक, मोठ्या अक्षरात.

केराबाई : आन् त्ये फिरत्यालं?

शाकीर : काय फिरत्यालं मावशी?

केराबाई : सुस्वागतम्. लई चांगलं हुतं वो त्ये.

शाकीर : नाही मावशी, आज कुणी फिरणार नाही. सिदूच्या लग्नात तुमच्यासाठी पडद्यावर फिरवून देईन, माझ्या तर्फे.

दुर्गा : सरस्वती तरी राहू दे. एवढी मोठी सुनावणी आणि सुरुवातीला देवी नाही, बरं वाटत नाही.

शाकीर : मनात म्हणा मॅडम. तिला प्रोजेक्टर लागत नाही. आणि ते शेवटचं गुलाबाचं फूल, 'धन्यवाद' लिहिलेलं, ते पण गेलं. धन्यवाद तोंडानं द्यायचे.

दुर्गा : निर्दयी आहात तुम्ही.

शाकीर : हौ. आता उभ्या राहा. हा मोबाइल इथं लावतो, घड्याळ चालू. मावशी, तुम्ही साहेब. जरा कंटाळल्यासारखं बसा.

केराबाई : अशी?

शाकीर : अजून जरा. हां, बरोबर. मॅडम, बोला.

दुर्गा : आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष महोदय, उपस्थित सर्व मान्यवर, तसेच माझ्या शिक्षक बंधू आणि—

शाकीर : चौदा सेकंद. साहेबानं फोन बघितला. परत.

दुर्गा : नमस्कार. मी दुर्गा. खडकवस्तीच्या शाळेची शिक्षिका. ही आमची शाळा आणि ही पलीकडची. आपल्या नकाशाप्रमाणे दोन्हींमध्ये आठशे मीटर अंतर आहे.

शाकीर : पुढची.

दुर्गा : आणि हे ते आठशे मीटर.

शाकीर : एवढं पाणी!

दुर्गा : का थांबवलंत? चुकलं का?

शाकीर : थांबवलं नाही. माझंच बटण दाबायचं राहिलं. मावशी? साहेब?

केराबाई : जागी हाय मी. बोलू द्या त्यास्नी.

दुर्गा : या पाण्यातून सहा वर्षांची मुलं नेण्याचा हा प्रस्ताव आहे. त्यांची नावं वाचते. सिद्धेश्वर बिरप्पा. गंगम्मा बसू. रहिमतुल्ला...

केराबाई : आमचा सिदू पयला! हाजरीत तर त्यो खाली असतोय.

दुर्गा : अर्ज वाचायला पहिला होता ना, म्हणून.

केराबाई : आन् खाली येक येगळं लिवलंय. अकरा झाली, मग मोकळी जागा, मग आनी येक. कुनाचं नाव त्ये?

दुर्गा : शाकीरभाई, तुम्ही वाचा.

शाकीर : 'इंद्रायणी. चौथी पास. होडी, आठ दिवस.'

केराबाई : ह्ये कवा टाकलं?

दुर्गा : तुम्ही ते फिरतं 'सुस्वागतम्' मागत होतात तेव्हा. ती कुणाच्याच आकड्यात नाही म्हणालात ना? मग नावात तरी येऊ दे.

केराबाई : बाई, तुमी... आता मला खरंच कायबी बोलता यायचं न्हाई तितं.

शाकीर : दोन मिनिटं दहा सेकंद. मॅडम, जवळजवळ तीन मिनिटं शिल्लक राहिली.

दुर्गा : त्यात काय करू?

शाकीर : गप्प बसा. त्यांना बघू द्या.

(संध्याकाळचे साडेपाच. तेच दुकान.)

शाकीर : या, या! मला वाटलं सरळ स्टेशनवर गेलात. चेहरे तर काही कळू देत नाहीत तुमचे. काय झालं?

केराबाई : आदी पाणी द्या भाऊ. तितं नुसतं पाण्याचंच बोललो, प्याला येक घोट न्हाई.

दुर्गा : आमच्या आधी दोन शाळा होत्या. दोघांचंही सुस्वागतम्! एकाचं तर फटाक्यांच्या आवाजासकट. साहेब नुसते 'पुढे, पुढे, पुढे' म्हणत होते. मान्यवर परिचय चालू असतानाच पाच मिनिटं संपली त्यांची.

शाकीर : आणि तुमचं?

दुर्गा : नकाशा लावला. साहेब म्हणाले, बरोबर आहे की, आठशे मीटर, जवळच आहे. मी पुढची लावली.

शाकीर : मग?

दुर्गा : मग साहेब 'पुढे' म्हणायचे थांबले. चहावाला आत आला तोही थांबला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. विचारलं, फोटो कधीचा? म्हटलं, सोमवारचा, तारीख खाली आहे.

शाकीर : तारीख! बघा, कुणी सांगितली होती?

दुर्गा : मी सांगितली होती, शाकीरभाई.

शाकीर : हां, तुम्हीच. बरं, पुढं?

केराबाई : फुडं त्यांनी नावं वाचली. मोट्यानं, सोताच. आन् खालच्या नावाला थांबलं. म्हणलं, ही कोण? बाई माझ्याकडं बगाय लागल्या. मग म्या सांगितलं.

शाकीर : तुम्ही तर ऐकायला गेला होतात ना मावशी?

केराबाई : व्हय. पर त्यांनी इचारलं की. टक्के न्हाई इचारलं, पोरीचं इचारलं. मग सांगाया नगो?

दुर्गा : सगळं सांगितलं त्यांनी. वारं, होडी, आजी उद्या वारं आहे का, सगळं. नंतर साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या फाईलमध्ये मी दसऱ्यालाच पाठवलेला अर्ज होता. म्हणाले, मॅडम, शाळा बंद झाली तर तुमचा फायदाच आहे की. मग हे कशासाठी?

शाकीर : अरे बापरे. काय म्हणालात?

दुर्गा : म्हटलं, हो सर, अर्ज माझाच आहे, आणि तो मी मागे घेणार नाही. माझा मुलगा इथे आहे. पण मी गेले तरी ते पाणी तिथेच राहतं.

शाकीर : असं म्हणालात?

केराबाई : अस्संच म्हणल्या. मी ऐकलं.

शाकीर : आणि निकाल?

दुर्गा : आज नाही दिला. म्हणाले, मी कागदावर ठरवणार नाही. शुक्रवारी स्वतः येऊन बघतो. त्यांचा एक माणूस म्हणाला, सर, फिरून रस्ता आहे, गाडी जाते. साहेब म्हणाले, नको, पोरं जशी जाणार तसंच जायचं. पलीकडच्या गावातून होडीनं.

शाकीर : सुभानल्ला! मॅडम, तोंड गोड करा. आता तुम्ही अद्वैतला भेटूनच जा.

केराबाई : म्या बी तेच म्हणतीया. आज हितंच ऱ्हावा पोराजवळ. उद्याच्याला सकाळच्या गाडीनं या. शाळा मी उघडती, किल्ली द्या.

दुर्गा : आणि शिकवणार कोण?

केराबाई : सिदू हाय की. अर्ज वाचून दावील पोरास्नी.

दुर्गा : बास हां केराबाई! बरं, ही घ्या किल्ली. शाकीरभाई, जाता जाता एक काम होतं. शुक्रवारसाठी. अगदी लहानसं. साहेबांच्या स्वागताचा एक फ्लेक्स... त्यांचा फोटो, वर सरस्वती, आणि...

शाकीर : मॅडम!

दुर्गा : सवय हो. सवय आहे ती. राहू दे.

शाकीर : छापतो. पण माझ्या मनानं. पांढरा फ्लेक्स, त्यावर एकच मोठा बाण आणि दोन शब्द, 'खडकवस्ती शाळा'. पलीकडच्या काठाला लावा.

केराबाई : आन् बाण कुनीकडं? पाण्यात?

शाकीर : हौ मावशी. सरळ पाण्यात.

दुर्गा : आणि साहेबांना होडीत बसवायचं कुठं? मधे बसवा हं, बिरप्पाला सांगा. मधे जरा कमी हलतं.

केराबाई : मदी न्हाई. फुडच्या फळीवर बसवती. आमची इंद्रायणी आट दिस बसली, तितंच.